लेकराचा रवंथ

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीतल्या कुठल्याही गोठ्यात जा आणि जनावर बरं आहे हे कशावरून ओळखता, असं विचारा. उत्तर एकच मिळेल: रवंथ करतंय ना, मग बरं आहे. दिवसभर वावरात राबलेला बैल संध्याकाळी दावणीला बसतो, डोळे अर्धवट मिटतो आणि पोटातला घास पुन्हा तोंडात आणून सावकाश चावत राहतो. ते चावणं थांबलं की घरधन्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. तो जनावराच्या कुशीला हात लावतो, कान गार पडलेत का पाहतो, गुरांच्या डॉक्टरला फोन करतो. गाय दिवसातले सहा ते आठ तास रवंथात घालवते. तिचं कोटीपोट त्यासाठीच घडलेलं आहे. गवत-कडब्यातला चिवट भाग तिथले सूक्ष्मजीव आंबवतात, आणि तो नीट फुटावा म्हणून घास दोनदा चावावा लागतो.

माणसाच्या लेकराला असलं पोट नाही. पोटात गेलेलं दूध परत तोंडात आलं, त्यानं ते जिभेवर घोळवलं, थोडं गिळलं, थोडं ओठाच्या कडेनं गळू दिलं, आणि असं दिवसातून कितीतरी वेळा, महिनाभर किंवा त्याहून अधिक चालू राहिलं, तर तो आजार आहे. डॉक्टर त्याला रुमिनेशन डिसऑर्डर म्हणतात. रुमेन म्हणजे गुरांचं कोटीपोट. त्यावरूनच हे नाव आलं. आपल्याकडे रवंथ हा शब्द आहेच, म्हणून मी याला रवंथ-विकार म्हणते. विकार दुर्मीळ आहे. पण त्यात एक विचित्र गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. हा आजार रक्तात सापडत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही. तो दिसतो तो फक्त लेकराकडे पाहत बसणाऱ्याला, आणि तेही लेकराला आपण दिसत नसलो तरच.

आधी साधी गुळणी बाजूला काढू, नाहीतर हे वाचून घरोघरी घाबरगुंडी उडायची. अंगावरचं पिणारी बहुतेक बाळं दूध टाकतात. बाळाची अन्ननलिका आखूड असते, तिच्या खालच्या टोकाची झडप अजून पक्की झालेली नसते, आणि बाळ बराच वेळ आडवं असतं. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे दोन तृतीयांश बाळं दिवसातून एकदा तरी गुळणी टाकत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत हे प्रमाण शेकडा पाचवर आलेलं होतं. गुळणी टाकून हसणारं, वजनानं वाढणारं बाळ ठणठणीत असतं. त्याला औषध नको, खांद्यावर टाकून ढेकर काढली की झालं. याउलट तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांच्या सुमाराला बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी उलटी करू लागलं आणि लगेच पुन्हा भुकेनं रडू लागलं, तर जठराचं खालचं तोंड आवळलं गेल्याची शंका घ्यावी लागते. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती गुण देते. हिरवी किंवा रक्ताची उलटी, ताप, मलूल पडलेलं अंग, कमी झालेली लघवी यांतलं काहीही दिसलं तर लेख बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

रवंथ-विकार या दोन्हींपेक्षा वेगळा. तो साधारण तिसऱ्या ते बाराव्या महिन्यांच्या दरम्यान सुरू होतो. दूध पिऊन किंवा पेज खाऊन काही मिनिटं झालेली असतात. बाळ झोळीत किंवा गोधडीवर एकटं पडलेलं असतं. ते पाठ ताणतं, मान मागे टाकतं. पोटाचे स्नायू आवळले-सैल होताना दिसतात. जीभ पुढे-मागे होते, चोखल्यासारखे आवाज येतात. काही बाळं बोटं घशात घालतात. मग तोंड भरतं. आता बाळ रडत नाही, ओकारीसारखं कळवळत नाही. उलट त्याचा चेहरा निवांत असतो, नजर कुठेतरी हरवलेली, अगदी दावणीच्या बैलासारखी. कुणी जवळ आलं, हाक मारली, उचलून घेतलं की हे थांबतं. झोपेत होत नाही. पोटाच्या विकारांची जागतिक व्याख्या ठरवणारे तज्ज्ञ ज्या रोम निकषांवर चालतात, त्यांच्या २०१६ च्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत: झोपेत नाही आणि बाळ कुणाशी खेळत-बोलत असताना नाही. मानसोपचाराच्या अमेरिकी नियमावलीनं निदानाची मुदत एक महिना धरली आहे. हे अन्न पोटाच्या दुसऱ्या आजारामुळे वर येत नाही, याची खात्री मात्र आधी करावी लागते.

आई दवाखान्यात सांगते ते वाक्य साधारण असं असतं: "डॉक्टर, दूध तं पोटभर पेते, पन लेकराच्या अंगाले लागत नाही." आणि ती खरं बोलत असते. लेकरू खरोखरच पोटभर पितं, वेळेवर भूक लागल्याचं सांगतं, घास दिला की तोंड उघडतं. वजनाचा काटा मात्र खाली जातो. जे खाल्लं त्यातलं बरंच ओठांवाटे दुपट्यात, झबल्यात, झोळीच्या कापडात जिरून गेलेलं असतं. कपड्यांना सतत आंबूस वास येतो. घरच्यांना तो वास लहान लेकराच्या अंगाचाच वाटतो, म्हणून त्याच्याकडे लक्षही जात नाही. पोट भरलंय आणि अंग वाळतंय, हे कोडं सुटत नाही म्हणून मग दृष्ट काढली जाते, मीठ-मोहरी ओवाळली जाते, गळ्यात ताईत येतो. एवढ्यावर थांबलं तर नुकसान नाही. पण मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या सळईचे डंबे देतात, तशी वेळ कुठल्याच लेकरावर यायला नको. रवंथ-विकाराचा इलाज याच्या नेमक्या उलट दिशेला आहे.

शरीरात काय घडतं हे आता बऱ्यापैकी समजलेलं आहे. मोठ्या मुलांच्या आणि माणसांच्या अन्ननलिकेत दाब मोजणारी बारीक नळी सोडून पाहिलं, तेव्हा दिसलं की उलटीत जठर जोर लावतं तसं इथे होत नाही. जोर लावतात ते पोटावरचे स्नायू. ते अचानक आवळले जातात, पोटातला दाब एकदम चढतो, त्याच क्षणी अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते आणि अन्न उलट्या वाटेनं वर येतं. मळमळ नाही, ओकारी नाही. आलेला घास ओळखू येण्याजोगा असतो आणि सुरुवातीला आंबटही लागत नाही, कारण जठरातलं आम्ल त्यात अजून पुरतं मिसळलेलं नसतं. तासा-दोन तासांनी अन्न आंबट झालं की हे आपोआप थांबतं. म्हणजे यात पोट नादुरुस्त नसतं. शरीराला एक सवय जडलेली असते. ती जाणूनबुजून लावलेली नाही, पण अंगवळणी पडली आहे.

या सवयीची गोष्ट जुनी आहे. इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १६१८ साली रवंथ करणाऱ्या माणसाची नोंद केली. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे याच फॅब्रिसियसचा विद्यार्थी. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसमध्ये जन्मलेल्या ब्राऊन-सेकार नावाच्या शास्त्रज्ञानं जठरातला रस मिळवण्यासाठी दोऱ्याला बांधलेले स्पंजाचे तुकडे गिळले आणि परत ओढून काढले. प्रयोग संपले, पण अन्न वर येण्याची सवय जडली ती जडलीच. मला हा किस्सा महत्त्वाचा वाटतो. शहाण्यासुरत्या, विद्वान माणसाच्या शरीराला जे इतक्या सहज शिकता येतं, ते चार महिन्यांच्या बाळानं शिकावं यात नवल काय? एखाद्या आजारपणात दूध आपसूक वर येतं, तोंडात ऊब येते, चव येते, काहीतरी घडल्यासारखं वाटतं. भोवताली तेवढंही घडत नसेल तर बाळ ते पुन्हा घडवून आणतं.

भोवताली काहीच न घडणं, हेच कारण बहुतेक अभ्यासांत या ना त्या रूपानं येतं. अनाथालयांत, मोठ्या संस्थांत वाढणाऱ्या, बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांत हा विकार अधिक आढळतो. १९८० साली बालरोगांवरच्या एका नामांकित अमेरिकी मासिकात एक निबंध आला. नवजात अतिदक्षता विभागात दीर्घकाळ राहिलेल्या बाळांत दिसणारी नवी गुंतागुंत म्हणून त्यात रवंथाचं वर्णन केलेलं होतं. त्या विभागात यंत्रं उत्तम होती, परिचारिका कसबी होत्या. कुशीत घेणारं माणूस मात्र काचेपलीकडे होतं. तेव्हा हा काही गरिबाघरचाच आजार नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

१९५८ साली अमेरिकेत ज्युलियस रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रवंथ करणाऱ्या चार बाळांचा अभ्यास छापला. त्यांनी आणि त्या काळातल्या इतर अनेकांनी बोट ठेवलं ते आई आणि मूल यांच्या नात्यावर. निरीक्षण बारकाईचं होतं, यात शंका नाही. पण त्यातून पुढची कित्येक वर्षं आईच्या माथी दोष मारण्याची जी रीत पडली, ती मला मान्य नाही. फुलसावंगीच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू झाली की बाई पहाटे उठून भाकरी थापते, लेकराला पाजते आणि उन्हं चढायच्या आत वावरात पोचते. वेचणीची मजुरी किलोवर. लेकरू एकतर बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत, नाहीतर घरी म्हाताऱ्या आजीजवळ किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. या भागातल्या तांड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला जातात तेव्हा तर लेकराचं घरच फडात जातं. त्या बाईला लेकराचा लळा नाही असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? तिच्याजवळ माया आहे, वेळ नाही. दोन्ही गोष्टी एकच समजल्या की निदानही चुकतं आणि इलाजही.

रिचमंड यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हेच गृहस्थ १९६५ साली हेड स्टार्ट या अमेरिकी कार्यक्रमाचे पहिले संचालक झाले. गरीब घरांतल्या लहान मुलांना आहार, आरोग्य तपासणी आणि खेळणं-शिकणं एकाच छताखाली देणारा तो कार्यक्रम. आपल्या अंगणवाडीचाच जवळचा नातेवाईक म्हणा. आपल्याकडची एकात्मिक बालविकास सेवा योजना दहा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. एकट्या पडलेल्या बाळांचा आजार जवळून पाहिलेला डॉक्टर पुढे सगळ्या देशातल्या लेकरांसाठी माणसांची सोबत उभी करण्याच्या कामाला लागतो, हा मला योगायोग वाटत नाही.

इलाजांचा इतिहास वाचताना मात्र अंगावर काटा येतो. १९६९ साली लँग आणि मेलामेड या दोन मानसशास्त्रज्ञांनी नऊ महिन्यांच्या एका मुलाची हकीकत छापली. सहाव्या महिन्यात तो साडेसात किलोंहून थोडा अधिक होता. नवव्या महिन्यात साडेपाच किलोंच्या आत आला होता. आहार बदलून झाला, औषधं झाली, काही चालेना. पोर हातचं जाणार हे दिसत होतं. शेवटी त्याच्या पायाला विजेचे सौम्य झटके देण्यात आले. अन्न वर आणायला सुरुवात केली की झटका, थांबला की झटका बंद. थोड्याच दिवसांत रवंथ थांबला, वजन वाढू लागलं, मूल वाचलं. १९७४ साली दुसऱ्या एका चमूनं सहा महिन्यांच्या मुलीवर लिंबाचा रस वापरला. जिभेची ती ठरावीक हालचाल सुरू झाली की पाच ते दहा मिलिलीटर रस तोंडात सोडायचा. तीही सुधारली. त्या काळातल्या डॉक्टरांना मी क्रूर म्हणणार नाही. त्यांच्यापुढे मरणाच्या दारातलं बाळ होतं, आणि जुन्या वैद्यकीय नोंदींत या विकारात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण शेकडा पंचवीसपर्यंत सांगितलेलं आहे. पण आज हे कुणी घरी करू नये. बाळाच्या तोंडात लिंबू पिळलं आणि रस श्वासनलिकेत गेला तर जीव गुदमरतो. विजेच्या झटक्यांबद्दल तर बोलायलाच नको.

कारण त्यानंतर जे हाती लागलं ते कितीतरी साधं होतं. १९८५ साली व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी रवंथ करणाऱ्या मुलांना केवळ अधिक वेळ मांडीवर घेऊन पाहिलं. खाण्याआधी, खाताना आणि खाऊन झाल्यावरही. रवंथ कमी झाला. चमत्कार वाटावा असं हे आहे, पण आजाराची घडण आठवा: कुणी सोबत असलं की तो होतच नाही. ज्या घटकेला अन्न वर यायचं, ती घटका लेकराची मोकळी राहू द्यायची नाही, एवढंच करायचं. पाजून झालं की लगेच झोळीत टाकायचं नाही. अर्धा-पाऊण तास उभं धरायचं, त्याच्या डोळ्यांत पाहून बोलायचं, अडगुलं मडगुलं करायचं, हातात खुळखुळा द्यायचा. जीभ चाळवायला लागली की दरडावायचं नाही, चापट तर नाहीच. नाव घेऊन हाक मारायची, लक्ष दुसरीकडे वळवायचं. मोठ्या मुलांना आणि माणसांना जेवणानंतर पोटानं श्वास घ्यायला शिकवतात, कारण पोट फुगवून सावकाश श्वास घेत असताना पोटाचे स्नायू आवळताच येत नाहीत. सहा महिन्यांच्या बाळाला ते शिकवता येत नाही. त्याच्यासाठी ती जागा माणसाच्या मांडीनं भरायची असते.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकानं विचारावं असा प्रश्न येतो: दुर्मीळ म्हणता, तर आम्हाला त्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली तीव्र कुपोषणाच्या उपचारांवर डॉक्टरांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यात रवंथावर वेगळा मजकूर आहे. तीव्र कुपोषित आणि मनानं कोमेजलेल्या मुलांपैकी शेकडा दहापर्यंत मुलांत तो आढळू शकतो, असं तिथे म्हटलंय. मूल चांगलं खातंय आणि तरी वजन चढत नाही, तर याचा संशय घ्या. दुर्लक्ष झालेलं असतानाच ते हे करतं, म्हणून तुमच्या नजरेला पडणार नाही. कपड्यांना-अंथरुणाला उलटीचा वास येईल. मूल वाजवीपेक्षा सावध आणि संशयी वाटेल. उपचार म्हणजे अनुभवी माणसाचं खास लक्ष. सगळ्या बाळांत जे दुर्मीळ, ते कुपोषित लेकरांच्या वॉर्डात तितकंसं दुर्मीळ राहत नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलेलं मूल दुधाचा ठरलेला आहार रोज संपवतं आणि तक्त्यावर वजनाची रेघ आडवीच राहते, तेव्हा पहिला विचार क्षयाचा किंवा जंतुसंसर्गाचा येतो. तो यायलाच हवा. पण सगळे तपास निर्दोष आले तर पुढचा तपास म्हणजे खाटेच्या पायथ्याशी, मुलाला दिसणार नाही असं, अर्धा तास गप्प बसून राहणं. तीव्र कुपोषणाच्या उपचारांच्या दहा पायऱ्यांपैकी नववी पायरी मुलाला खेळवणं आणि मायेचा आधार देणं ही आहे. कामाच्या गर्दीत सर्वांत आधी गाळली जाते तीच.

गावपातळीवरही पाहणारे डोळे आहेत. २०१८ पासून आशाताईंना तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत बाळाच्या घरी जायचं असतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळ वाचवण्याची जी वाट घालून दिली, तिचंच हे पुढचं पाऊल. या पाच भेटींपैकी पहिल्या चार नेमक्या रवंथ-विकाराच्या वयात येतात. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावून घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आहे का पाहिलं जातं. वजन घटतंय हे कळायची सोय आहे. का घटतंय हे कळण्यासाठी भेटीची वेळ पाजण्याच्या वेळेला जुळवायची आणि पाजून झाल्यावर लगेच उठायचं नाही, चहा घेत बसायचं. यात खर्च नाही. एका ताईकडे अनेक घरं आणि रजिस्टरांचा ढीग असताना अर्धा तास फार महाग असतो, हे मात्र मला माहीत आहे. म्हणून हे काम त्यांच्या एकट्यांच्या गळ्यात घालू नये असं वाटतं. घरची आजी हे उत्तम करू शकते. ती तसंही लेकराजवळच असते. तिला फक्त काय पाहायचं ते सांगायला हवं.

तिथून पुढे महागावला, उमरखेडला किंवा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायचं ठरलं तर एक अडचण हमखास येते. डॉक्टरसमोर लेकरू काहीच करत नाही. अनोळखी खोली, पांढरा कोट, आईची मांडी, सगळे त्याच्याकडे बघतायत. तिथे रवंथ होणारच नाही. आई सांगते, डॉक्टर तपासतात, पोट मऊ, छाती साफ, आणि ॲसिडिटीचं औषध घेऊन घरी परत. यावर आज एक उपाय जवळजवळ प्रत्येक घरात आहे. पाजून झालं की लेकराला नेहमीच्या जागी ठेवायचं, मोबाइल भिंतीला टेकवून चालू करायचा आणि दाराआड उभं राहायचं. पाच-सात मिनिटांचं चित्रण पुरतं: ताणलेली पाठ, मागे गेलेली मान, आवळणारं पोट, हलणारी जीभ, ओठांच्या कडेनं उतरणारी दुधाची धार. मग मोबाइल बंद न करता आत जायचं आणि लेकराच्या नावानं हाक मारायची. ते मान वळवून पाहील आणि थांबेल. ते थांबणंही चित्रणात यायला हवं. डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.